रिपोर्टातली खोट

साहेबांना संशयाची सवय आजारपणात लागली असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. संशय घ्यायचाच त्यांनी चौतीस वर्षं पगार घेतला होता. वजनमापे खात्यात ते निरीक्षक म्हणून लागले आणि निरीक्षक म्हणूनच निवृत्त झाले. ते बाजारात शिरले की या टोकाच्या दुकानापासून त्या टोकाच्या दुकानापर्यंत सगळे आपापल्या तराजूला एकदा हात लावून घेत. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोकरलेलं वजन, तळ बोटभर वर सरकवलेलं तेलाचं माप, असलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. घरीही तोच खाक्या. नवा साबण आला तरी वेष्टनावरचा मुंगीएवढा मजकूर वाचून होईपर्यंत त्याला पाणी लागत नसे. बायको म्हणायची, "यांच्याशी लग्न झालं तेव्हा माझ्यावरही शिक्का मारून घेतला असेल यांनी."

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि साहेब वाळायला लागले. भूक राक्षसासारखी आणि अंगावर मांस धरेना. हात थरथरायचे, छातीत धडधडायचं, थंडीतसुद्धा पंखा लागायचा. डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासून घेतलं आणि सांगितलं, "थायरॉइड वाढलंय. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त रस सोडतेय. गोळ्यांनी आटोक्यात येईल. पण दर दीड महिन्याने रक्त तपासायचं, कारण गोळी किती द्यायची ते आकड्यांवरूनच ठरतं."

दोन गल्ल्या सोडून एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लॅब होती. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणत. पहिल्या खेपेला साहेबांचा हात इतका थरथरत होता, की ताईंना शीर सापडेना. शेवटी बायकोने मनगट घट्ट धरलं तेव्हा कुठे सुई लागली. त्याही अवस्थेत साहेबांनी विचारलंच, "नळीवर नाव माझ्यासमोर लिहा. आणि तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासलं?"

ताईंनी न चिडता वही उघडून दाखवली. "रोज सकाळी तपासते. आकडे माहीत असलेलं रक्त आधी घालायचं, ते बरोबर आलं तरच पुढचं." साहेबांना बाई आवडल्या.

चार महिन्यांत गुण आला. थरथर थांबली, वजन भरलं, रिपोर्ट चांगला आला. मग भलतीच पीडा सुरू झाली. केस जायला लागले. साठी उलटूनही साहेबांच्या डोक्यावर नाणं ठेवण्याएवढीही जागा मोकळी नव्हती, आणि त्याचा त्यांना छुपा गर्व होता. आता रोज सकाळी मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका साचायचा. ते तो कागदात गुंडाळून बाहेरच्या कचऱ्यात टाकून येत. कुणाला काही बोलले नाहीत.

पुढच्या खेपेला रिपोर्ट उलटला. थायरॉइड पुन्हा वर. डॉक्टरांनी गोळी वाढवली. दीड महिन्याने पाहावं तर आकडे तसेच चढलेले. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली.

इकडे साहेबांचं शरीर काही वेगळंच सांगत होतं. वाढलेल्या थायरॉइडने त्यांना आधी भट्टीत घातल्यासारखं केलं होतं. आता ऐन दुपारी पायात मोजे आणि गळ्याला मफलर. पापण्या सुजलेल्या, आवाज मडक्यातून आल्यासारखा, लग्नातली अंगठी बोटात रुतलेली. वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचता वाचता डोळा लागायचा. एकदा तर मोठ्या मुलीचा फोन नंबर आठवेना, तेव्हा ते चांगलेच चरकले.

"डॉक्टर, मला बरं वाटत नाही. पण पूर्वीसारखं नाही, उलटं," त्यांनी सांगून पाहिलं.

बाहेर बाकावर वीस माणसं खोळंबली होती. डॉक्टर कागदावरून नजर न काढता म्हणाले, "वय झालं की थोडं सुस्त वाटतंच. आकडे बघा ना. गोळ्या लागू पडत नाहीयेत. आता ग्रंथीच काढून टाकलेली बरी. पुढच्या महिन्यातली तारीख घेऊन ठेवू."

गळा चिरायची तारीख खिशात घालून साहेब घरी आले आणि त्यांच्यातला निरीक्षक खडबडून जागा झाला. कुठेतरी खोट होती. माल आणि माप जुळत नव्हतं. आता दोघांतलं एक खोटं, हे तर बाजारातल्या पोरासोरालाही कळतं.

पहिला संशय लॅबवर. त्यांनी एका सकाळी ताईंकडे रक्त दिलं आणि तासाभरात गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा दिलं. संध्याकाळी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. उन्नीस-बीस सोडलं तर आकडे सारखे. दोन अनोळखी दुकानदार एकच खोटं बोलणार नाहीत. लॅब सुटली.

दुसरा संशय औषधवाल्यावर. गोळ्या बनावट असतील तर गुण येणार कुठून? त्यांनी दुकान बदललं, पाकिटावरचा क्रमांक भिंगाखाली धरून पाहिला, कंपनीला फोन लावून जुळवून घेतला. क्रमांक खरा निघाला. औषधवालाही सुटला.

राहिलं घर. तिथवर विचार येऊन पोचला तेव्हा साहेबांनी तो झटकून टाकला. पण संशय म्हणजे चपलेत गेलेला खडा, चालायला लागलं की टोचणारच. घरात दोघंच. मुली आपापल्या संसारात. जेवण एकाच भांड्यातलं. फक्त संध्याकाळचं कोमट दूध ते एकटे घेत आणि ते बायको आणून देई. आधी दूध स्वयंपाकघरात ठेवून ती हाक मारायची. हल्ली मात्र ग्लास हातात आणून द्यायची आणि पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायची. हे कधीपासून? त्यांनी बोटांवर महिने मोजले. रिपोर्ट उलटला त्याच सुमारापासून.

मग एका दुपारी ती गॅलरीत फोनवर बोलताना ऐकू आली. पलीकडे तिची वहिनी असावी. "नाही गं, त्यांना कळता कामा नये... हो, रोज दोन, दुधातून... हळूहळूच होतं म्हणे हे, तीन-चार महिने लागतात... नाही, अजून तसा काही फरक दिसत नाही."

त्या संध्याकाळी ती समोर उभी असतानाच फोन वाजला आणि ती आत वळली, तेवढ्यात त्यांनी दुधाचा शेवटचा घोट तळाशी राखून ग्लास उजेडात धरला. काचेवर बारीक पांढऱ्या कणांची रेघ होती. साखर ते घेत नसत. त्यांनी तळातला घोट एका छोट्या बाटलीत ओतला, बूच लावलं, वर लाख ओतून शिक्का मारला आणि चिठ्ठीवर तारीख-वेळ लिहिली. चौतीस वर्षांत असे हजारो नमुने त्यांनी बंद केले होते. स्वतःच्या घरातला हा पहिलाच.

दुसऱ्या दिवशी ती बाटली त्यांनी ताईंच्या टेबलावर ठेवली. जिना चढून आल्यामुळे बोलायला वेळ लागला.

"यात काय आहे ते तपासून द्या."

"साहेब, आम्ही रक्त तपासतो. दूध नाही." ताईंनी बाटलीकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ साहेबांकडे. "हात द्या तुमचा."

त्यांनी नाडी धरली. साहेबांचा हात गार होता आणि दगडासारखा स्थिर.

"एक सांगू? तुमचा रिपोर्ट मीच काढलाय आणि मलाच तो पटत नाहीये," ताई म्हणाल्या. "मी तो दोनदा लावून पाहिला. आकडे म्हणतात की तुम्ही घामाघूम होऊन पळत असायला हवं. आणि तुम्ही जिन्यात दोनदा थांबलात, मला वरून ऐकू आलं. नाडी पन्नासच्या आसपास आहे. हा माणूस त्या कागदावरचा नाही."

"म्हणजे यंत्र खोटं?"

"यंत्र खोटं बोलत नाही, पण फसतं. काही काही गोष्टी रक्तात असल्या की ते भलतंच वाचतं. तुम्ही एखादं टॉनिक घेता का? ताकदीची पावडर, केसांच्या गोळ्या, असलं काही?"

"मी?" साहेबांचा मडक्यातला आवाज चढला. "असल्या बाटल्या मी गाड्या भरभरून जप्त केल्यात. डॉक्टरांच्या गोळीशिवाय माझ्या पोटात काही जात नाही."

"नक्की? घरी एकदा विचारून बघा."

ताईंनी सहज म्हटलं, पण साहेब डोक्यात तेवढा एकच शब्द घेऊन जिना उतरले. घरी. बाहेरच्या माणसालाही तिथंच बोट दाखवावंसं वाटलं.

विचारायचं म्हणजे चोराला सावध करायचं, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. आधी धाड, मग जबाब. आणि धाडीला दोन साक्षीदार लागतात. एक शेजारचे निवृत्त हेडमास्तर, अत्यंत सरळ माणूस. दुसरा त्यांनी मुद्दाम निवडला तो बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे पुढे कुणी पक्षपात झाला असं म्हणायला नको. फोनवर त्याला सांगितलं, "तुझी बहीण मला दुधातून काहीतरी देतेय. ये आणि डोळ्यांनी बघ."

"दाजी, शुद्धीवर आहात का?" मेहुणा ओरडला. पण आला.

संध्याकाळी सहाला तिघे बैठकीत बसले. बायकोने भावाला पाहून आनंदाने विचारलं, "अरे, न कळवता?" तो काहीतरी पुटपुटला. हेडमास्तर छताकडे बघत होते. त्यांना नुसतं 'थोडं काम आहे' असं सांगितलं होतं. बायको दूध तापवायला आत गेली. साहेब उठले, बोटाने दोघांना खूण केली आणि स्वयंपाकघराच्या अर्धवट लोटलेल्या दाराआड जाऊन उभे राहिले.

ओट्यावर पातेलं होतं. बायकोने एकदा मागे वळून पाहिलं, पिठाचा डबा उघडला, कोपरापर्यंत हात घातला आणि पिठात पुरलेली एक पुडी बाहेर काढली. गोळ्यांची पट्टी. तिने त्यातल्या दोन काढल्या, वाटीत घेऊन उलथन्याच्या दांड्याने बारीक कुटल्या आणि ती पूड ग्लासात सोडून वर दूध ओतलं.

साहेबांनी आत शिरून तिचं मनगट धरलं.

ती किंचाळलीसुद्धा नाही. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग दारातल्या भावाकडे, मग हेडमास्तरांकडे. ग्लास ओट्यावर कलंडला आणि दूध तिच्या पायावर सांडलं.

"काय आहे हे?" साहेब म्हणाले.

"वाचा की," ती म्हणाली. "वाचल्याशिवाय तुम्ही काही मानत नाही ना? मग वाचा."

त्यांनी पट्टी उजेडात धरली, चष्मा सारखा केला. बायोटिन. खाली बारीक अक्षरात : केस, त्वचा आणि नखांच्या आरोग्यासाठी.

गॅस चालू होता, तो मेहुण्याने पुढे होऊन बंद केला.

"तुम्ही मोरीतून केस वेचून कागदात बांधून नेता, मला दिसत नाही का?" बायकोचा आवाज अगदी साधा होता. "बोलला असतात तर मी बोलले असते. वहिनीचे केस या गोळ्यांनी थांबले म्हणाली. तुम्हाला उघड दिल्या असत्या तर घेतल्या असत्या? पट्टीवरचं वाचून तोंडावर फेकल्या असत्या. म्हणून कुटून दिल्या." ती थांबली. "तुम्हाला काय वाटलं? विष?"

साहेबांची नजर सांडलेल्या दुधावर गेली. तेच उत्तर झालं.

हेडमास्तर खाली मान घालून चपला शोधायला लागले. मेहुणा बहिणीजवळ गेला आणि म्हणाला, "पिशवी भर. चल माझ्याकडे." आणि ती गेली. पाय पुसून, साडी बदलून, नवऱ्याच्या रात्रीच्या गोळ्या टेबलावर काढून ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधीच साहेब पायरीवर बसले होते. ताईंनी पट्टी हातात घेतली आणि कपाळावर हात मारला.

"हीच ती! साहेब, थायरॉइड मोजायला आमच्या यंत्रात हेच बायोटिन वापरलेलं असतं, रस पकडायला. रक्तात ते बाहेरून भरपूर आलं की यंत्राचा गोंधळ उडतो. कमी असलेलं जास्त दाखवतं. त्या दुसऱ्या लॅबमध्येही याच पद्धतीचं यंत्र आहे, म्हणून दोघांचं जुळलं. तुमचं थायरॉइड गोळ्यांनी कधीच खाली गेलंय. रिपोर्ट वर दाखवत राहिला आणि डॉक्टर गोळ्या वाढवत गेले."

"म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून दाबत गेले," साहेब म्हणाले.

"तसंच. आता आठवडाभर केसांची गोळी बंद. डॉक्टरांना मी आजच फोन करते."

डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावून घेतलं आणि या खेपेला कागद बाजूला ठेवून साहेबांचे गुडघे ठोकून पाहिले, पापण्या पाहिल्या, नाडी पाहिली. वाढवलेली गोळी तिथल्या तिथे थांबवली. आठवड्याने रक्त तपासलं तर थायरॉइडचा रस तळाला गेलेला. ऑपरेशनची तारीख रद्द झाली. "माझंही चुकलं," डॉक्टर म्हणाले, "मी आकड्यांकडे बघत राहिलो. तुम्ही सांगत होतात."

निघताना साहेबांनी दारातून मागे येऊन विचारलं, "या आजारात माणसाला संशय येतो का? घरच्यांवर?"

"थायरॉइड फार खाली गेलं की काहींना येतो. मन भलतीकडे जातं."

हे वाक्य त्यांनी वाटभर जपून नेलं. मेहुण्याच्या घरी बैठकीत, बायकोसमोर खुर्चीच्या कडेवर बसून ते ठेवलं. "डॉक्टर म्हणाले, तो आजाराचा भाग होता."

"सगळा?" तिने विचारलं. "का अर्धा? का पाव?"

आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढलेल्या माणसाला याचं माप सांगता येईना. "माहीत नाही," ते म्हणाले. "तुझ्या भावासमोर, हेडमास्तरांसमोर मी माफी मागतो. दोघांना बोलावतो."

"नको. ते विसरत आले असतील तर परत आठवण होईल." मग म्हणाली, "चोरून द्यायला नको होतं, एवढं माझं चुकलं. पण तेवढंच."

ती पंधरा दिवसांनी परत आली. घर चालू झालं, पण संध्याकाळचं दूध तिने पुन्हा आणून दिलं नाही. साहेब स्वतः उठून तापवून घेत, एकदा उतूही घालवलं. हळूहळू अंगात ऊब आली, अंगठी बोटात फिरायला लागली, मुलीचा नंबर न बघता आठवला. बायको बोलायची, हसायचीसुद्धा, पण ते पदार्थाचा डबा उघडून वास घ्यायला लागले की हातातलं काम टाकून बाहेर निघून जायची. साहेबांनी वास घेणं सोडलं. सोपं गेलं नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जायचं होतं. निघताना बायकोने चपला घातल्या. "मी येते."

डॉक्टर आता घरच्यांनाही विचारत. भूक कशी, पोट साफ होतं का, थंडी वाजते का, गोळ्यांखेरीज काही पोटात जातं का. बायकोने एकेकाचं उत्तर दिलं. "झोप एकसारखी लागते. रात्री उठत नाहीत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं. "बरोबर?"

"ती म्हणते तसंच," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर ती फाटकाशी थांबली. "झोपेचं मी चुकीचं सांगितलं. गडबडीत गेलं तोंडातून. तुम्ही रोज दोनदा उठता."

"हो. तीनदासुद्धा."

"मग बोलला का नाहीत तिथे?"

साहेब रस्त्याकडे बघत राहिले. तुझं बोलणं खोडायची छाती झाली नाही, असं काही त्यांना म्हणायचं होतं, ते जमेना.

"चला," बायकोने त्यांचा दंड धरला. "परत आत. डॉक्टरांना चुकीचं सांगून कसं चालेल? पुन्हा गोळी चुकली म्हणजे?"

आत दुसरा पेशंट गेला होता. दोघं बाकावर टेकले. समोरच्या बाईंनी बसायला जागा करून दिली आणि विचारलं, "काही विसरलात का?"

"थोडं राहिलंय सांगायचं," साहेब म्हणाले.